धरणगावची भिल्ल पलटण आणि पहिले पाच जण

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी देणगीदारांची नामावली, गुणवंत विद्यार्थ्यांचे अभिनंदन आणि दिवंगत ज्ञातिबांधवांस श्रद्धांजली यांस मानाचे स्थान मिळते, व ते योग्यच आहे. ज्यांची नावे कोणी तरी लिहून ठेवली, तेवढेच पुढच्या पिढीस ठाऊक होतात. परंतु ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, अशा माणसांचेही आपल्या गावावर व आपल्या कुळांवर मोठे ऋण असू शकते. प्रस्तुत लेख अशा पाच माणसांविषयी आहे. ती आपल्या ज्ञातीची नव्हती. ती भिल्ल होती. सन १८२५ मध्ये ती डोंगर सोडून एका परक्या माणसाच्या शब्दावर बाहेर आली, आणि त्यांच्या मागून जी पलटण उभी राहिली तिचे ठाणे आपल्या धरणगावात होते.

धरणगाव ही जुनी पेठ. पूर्वी एरंडोल तालुक्यात मोडणारे हे गाव आता स्वतःच तालुक्याचे ठिकाण आहे. परंतु त्याचे खरे वैभव त्याहून कितीतरी जुने. येथल्या कापडाला सुरतेच्या बाजारात मागणी असे व म्हणूनच सतराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांनी येथे वखार घातली. पेठ संपन्न होती याची दुसरी साक्ष म्हणजे १६७९ साली शिवाजी महाराजांच्या फौजेने मोगलांच्या मुलखात मोहीम काढली, तेव्हा धरणगाव आणि चोपडे ही दोन्ही गावे तिच्या वाटेवर आली. ज्या गावात काही नाही त्या गावाकडे फौजा वळत नाहीत.

अशा गावाची एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काय दशा झाली ती सांगितल्यावाचून पुढील गोष्टीचा अर्थ कळावयाचा नाही. होळकर व पेशवे यांच्या कलहात १८०२ च्या सुमारास खानदेश तुडविला गेला. पाठोपाठ १८०४ चा दुष्काळ आला. पेंढारी आले, अरबांच्या टोळ्या आल्या. गावेच्या गावे ओस पडली, शेतांत झुडपे वाढली, आणि जेथे पूर्वी बैलगाड्यांची रांग लागे तेथे भरदिवसाही एकट्याने जाण्याची सोय उरली नाही. आपली वडीलधारी मंडळी ‘गाडी एकटी सोडू नये’ असे बजावीत असत, त्याचे मूळ त्या दिवसांत असावे असे आम्हांस वाटते.

या सर्व अनर्थाचा दोष पुढे एकट्या भिल्लांच्या माथी मारण्यात आला. हे काही न्यायाचे नव्हे. पूर्वी भिल्ल हे कित्येक गावांचे जागले होते. घाटवाटांची राखण त्यांच्याकडे असे व त्याबद्दल त्यांस ठरीव हक्क मिळत. गावात चोरी झाली तर माग काढण्याची जबाबदारीही त्यांचीच. राज्य डळमळले, हक्क बुडाले, राखणदाराची भाकर बंद झाली. आणि मग राखणदारच वाट अडवू लागला. कोणत्याही घरातील जुन्या गड्याचे वेतन तीन वर्षे थकविले असता काय होईल याचा विचार वाचकांनी स्वतःच करावा.

पेशवाईच्या अखेरच्या अधिकाऱ्यांनी यावर जो उपाय योजला तो इतिहासातील एक काळे पान आहे. कौल देऊन, अभय देऊन, बोलणी करण्यासाठी म्हणून भिल्लांस बोलवावयाचे आणि ते आले की कापून काढावयाचे, असा हा उपाय. कोपरगाव येथे असे घडले, चाळीसगावास घडले, कन्नडजवळच्या अंतूर किल्ल्यावर घडले. कोपरगावी तर जमलेल्यांस विहिरींत लोटण्यात आले. एका पिढीच्या आत तीन ठिकाणी शब्द मोडला गेला. त्या दिवसापासून भिल्लाच्या घरात ‘कौल’ या शब्दाचा अर्थ ‘मरण’ असा झाला असेल तर त्यात नवल ते काय?

पुढे १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला. त्याची सुरुवातही भरवसा वाटावा अशी नव्हती. तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यात २७ फेब्रुवारी १८१८ रोजी काय झाले ते खानदेशात घरोघर पोचले होते. दरवाजे उघडले गेले, शरणागतीच्या बोलण्यात गोंधळ झाला, चकमक उडाली, आणि किल्ल्यातील शिबंदी कापली जाऊन किल्लेदारास फाशी देण्यात आले. डोंगरावरून ही बातमी ऐकणाऱ्याने नव्या धन्याविषयी काय अनुमान बांधले असेल?

कॅप्टन ब्रिग्ज या पहिल्या राजकीय अधिकाऱ्याने धुळ्यास ठाणे केले. सातपुड्यात, सातमाळ्यात, अजिंठ्याच्या रांगांत पन्नासांवर नाईक आपापली माणसे घेऊन बसले होते. सर्व मिळून त्यांचे अनुयायी पाच हजारांच्या घरात होते. त्यांच्यावर फौजा धाडल्या गेल्या. काही नाईक मारले गेले, काही फासावर चढले, काहींस वतन लावून देण्यात आले. परंतु एक नाईक खाली आला की दुसरा वर जाई. डोंगरातील ताप तर बंदुकीहूनही अधिक शिपाई घेऊन जात असे. सात वर्षे अशी गेली. अखेरीस मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी असे ठरविले की शिक्षेने जे साधत नाही ते विश्वासाने साधते का हे पाहावे. भिल्लांस जमिनी द्याव्यात, नांगर, बैल व बियाणे यांसाठी तगाई द्यावी, आणि त्यांच्यातूनच एक पलटण उभारून मुलखाची राखण पुन्हा त्यांच्याच हाती सोपवावी. जमिनीवर वसविण्याचे काम कन्नडकडे मेजर ओव्हन्स याजकडे आले. पलटणीचे काम जेम्स आउट्रम नावाच्या एका तरुण लेफ्टनंटकडे आले. त्याचे वय तेव्हा बावीस वर्षांचे होते.

हे काम होणार नाही असेच त्याच्या बरोबरीचे अधिकारी म्हणत. भिल्ल शिस्त पाळणार नाही, पगार घेऊन बंदुकीसह पळून जाईल, असा सर्वांचा होरा. आउट्रमने आरंभ केला तो मात्र गोडीने नव्हे. आपल्या रेजिमेंटचे थोडके शिपाई घेऊन त्याने डोंगरातील एका तळावर रात्रीचा छापा घातला, आणि मोठी फौज आली असे समजून भिल्ल पांगले. काही माणसे त्याच्या हाती लागली. त्यांच्या नात्यागोत्यांतून त्याने नाईकांशी बोलणे सुरू केले, आणि मग त्याने जे केले त्यामुळे त्याचे नाव राहिले. पहारा न घेता तो एकटाच त्यांच्या रानात गेला, त्यांच्यात राहिला, त्यांच्यात निजला. त्यांच्याबरोबर त्याने शिकार केली, मेजवान्या दिल्या. मद्याचाही सढळ हाताने उपयोग केला, हे त्याने स्वतःच आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे. आम्ही आयुष्यभर मुलांस शिकविले, त्यामुळे ही गोष्ट स्मरणिकेत यावी की नाही याचा क्षणभर विचार पडला. परंतु इतिहास हा इतिहास आहे, त्यास सोवळे नेसवून चालत नाही.

त्याच पत्रात तो पुढे सांगतो की, इतके करून अखेरीस त्यांच्यातील सर्वांत धाडसी अशा पाच जणांस आपल्याबरोबर दैव आजमावण्यास त्याने राजी केले, आणि एवढा आरंभ झाल्यावर यश आलेच असे त्याने मानले.

पाच जण! नावे नाहीत, गावे नाहीत, कोणाची मुले होती तेही नाही.

येथे आम्ही वाचकांस थोडे थांबवू इच्छितो. इंग्रज चरित्रकारांनी आउट्रमच्या निर्भयपणाचे पुष्कळ गोडवे गायिले आहेत, व एकटा रानात निजणारा बावीस वर्षांचा पोर निर्भय होता यात संशय नाही. परंतु त्याच्यामागे काय नव्हते? मालेगावास छावणी होती, धुळ्यास कचेरी होती, मुंबईस गव्हर्नर होता. त्याचा केस वाकडा झाला असता तर त्या डोंगरात एकही झोपडी उभी राहिली नसती, हे त्यालाही ठाऊक होते आणि यजमानांनाही. उलट त्या पाचांच्या मागे कोण होते? खाली उतरल्यावर त्यांस मारले असते तर विचारणारे कोणी नव्हते. तीन वेळा आपल्या बापजाद्यांस असेच बोलावून मारले, हे प्रत्येकाने लहानपणी ऐकलेले असणार. वर पुन्हा आपल्याच भाऊबंदांचा रोष. जो सरकारच्या तळावर गेला तो उद्या वाटा दाखविणार, लपण्याच्या जागा सांगणार, असा संशय मागे राहिलेल्यांस येणारच. म्हणजे पुढे गेल्यास फसगतीचे भय, मागे फिरल्यास द्रोहाचा कलंक. सुरक्षित असे एकच ठिकाण, ते म्हणजे ज्या डोंगरात आपण आहोत तो डोंगर. तोच त्यांनी सोडला.

कोणी म्हणेल की ते पोटासाठी आले, त्यात धैर्य कसले? भूक होती हे खरेच आहे. परंतु पोट डोंगरातील सर्वांनाच होते, आले पाचच. भूक मनुष्यास दाराशी आणून उभी करील, उंबरठा त्याचा त्यालाच ओलांडावा लागतो. आपल्या समाजात मुलगा पुण्यास किंवा सुरतेस नोकरीस निघाला म्हणजे ‘तेथे आपले कोण आहे?’ हा पहिला प्रश्न घरात निघतो, आणि मामाचा चुलत मेहुणा का होईना, कोणी तरी निघतोच, मगच बिछाना बांधला जातो. सरकारी तळावर त्या पाचांचे कोणी नव्हते.

पाचांचे पुढे दहा झाले, दहांचे शंभर झाले. पहिले पाच जिवंत आहेत, त्यांस पगार मिळतो, त्यांस कोणी कापले नाही, ही बातमी डोंगरात गेली असेल तीच खरी भरतीची जाहिरात. पलटण वाढली, धरणगाव हे तिचे ठाणे झाले आणि कवायत होऊ लागली. जी बाजारपेठ या माणसांच्या नावाने दारे लावून घेत असे, तिच्याच वेशीबाहेर ती आता पहाऱ्यावर उभी राहू लागली. गावकऱ्यांस हा पालट पचविण्यास वेळ लागला असणार. पैसे मोजून घेऊन त्यांस दाणे विकणारा पहिला दुकानदार कोण, हेही कोणी लिहून ठेवले नाही. तो आपल्यापैकीच कोणी असला तर आम्हांस त्याचा अभिमान वाटेल.

पलटण तयार झाल्यावर आउट्रमने तिला मालेगावच्या छावणीत नेले. तेथे त्याची स्वतःची जुनी रेजिमेंट होती आणि तीत उच्चवर्णीय शिपाई पुष्कळ होते. भिल्लांच्या पलटणीस हे लोक हसतील, टाकून बोलतील, ही त्यास धास्ती. एखाद्या टोमण्याने सगळे विस्कटले असते. परंतु घडले ते वेगळेच. त्या शिपायांनी भिल्लांस आपल्यात बसविले, खाऊ घातले, विडासुपारी दिली, मित्राप्रमाणे विचारपूस केली. आउट्रमला या प्रसंगाचे फार मोल वाटले व ते त्याने नमूद केले. आम्हांस तर वाटते की, या सर्व कथेत तलवारीचे, बंदुकीचे व बक्षिसाचे जेवढे प्रसंग आहेत त्या सर्वांहून हा विडासुपारीचा प्रसंग मोठा. डोंगरातून येणाऱ्यास जे सर्वांत अनोळखी होते ते सरकार नव्हे; ती पंगत होती. गोळीचे भय त्याने आधीच पत्करले होते. पंगतीतून उठविले जाण्याचे भय त्याहून खोल असते, हे ज्यांस कधी उठविले गेले आहे तेच जाणतात.

त्याच काळात राजपुतान्यात व माळव्यातही असे प्रयोग चालू होते. त्यापूर्वी बंगाल इलाख्यात भागलपूरकडे क्लीव्हलंड नावाच्या अधिकाऱ्याने पहाडी लोकांची तुकडी उभारली होती, आणि पुढे १८४१ मध्ये खेरवाड्यास मेवाडची भिल्ल पलटण झाली. तेव्हा धरणगावचा प्रयोग हा जगात एकटाच नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

आउट्रम खानदेशात दहा वर्षे राहिला. शिकारीचे त्यास वेडच होते. त्या दहा वर्षांत दीडशेहून अधिक वाघ त्याच्या व त्याच्या सोबत्यांच्या हातून पडले; तेव्हाच्या खानदेशात केवढे रान होते ते यावरून समजावे. एकदा वाघ अशा कपारीत बसला की कोठूनही नेम धरता येईना. तेव्हा भिल्लांनी आपापले फेटे सोडून एकमेकांस बांधले, त्यांनी आउट्रमला झाडाच्या फांदीवरून कपारीवर लोंबकळत सोडले, आणि त्याने तसाच हवेत टांगलेल्या स्थितीत वाघ मारला. ‘चोराला टांगतात तसे मला टांगलेत’ अशा अर्थाचे काही तो पुढे थट्टेने म्हणाला म्हणतात. फेटा हा माणसाचा मान. तो सोडून देणाऱ्याने आणि त्याच्या गाठीवर जीव टांगणाऱ्याने एकमेकांस केवढे ओळखले असेल!

परंतु ही कथा येथेच संपविली तर ती शाळेच्या पुस्तकातील धड्यासारखी होईल. डोंगर सोडणाऱ्यांस त्याची किंमतही द्यावी लागली. १८३० मध्ये आउट्रमने याच पलटणीसह डांगांवर स्वारी केली. तेथील भिल्ल राजे व नाईक हे परके नव्हते. बोली जवळची, देव जवळचे. पुढे १८३३ मध्ये सातपुड्यात बडवानीकडेही पलटण गेली. ज्यास भाकर मिळाली त्यास ती आपल्याच रक्तामांसाच्या माणसांवर बंदूक रोखून टिकवावी लागली. सरकारने विश्वास दिला हे खरे, परंतु तो फुकट दिला नाही. त्या पाचांस हे आधी कळते तर ते उतरले असते काय? अनोळखी वाटेचे हेच तर स्वरूप आहे की तिच्या वळणापलीकडे काय आहे ते आरंभी दिसत नाही.

आपल्या पूर्वजांस मात्र त्याचा लाभच झाला. घाटवाटा खुल्या झाल्या. ओस पडलेल्या शेतांवर पुन्हा नांगर फिरला, कापूस पिकू लागला, बैलगाड्या सुटल्या. चोपडे, एरंडोल, अमळनेर, पारोळे या पेठांशी धरणगावचे दळणवळण पुन्हा जुळले. पुढे तापी खोऱ्याची रेल्वे आली, सरकी काढण्याचे कारखाने आले, आणि मग आपल्यातील कित्येक घराण्यांची भरभराट झाली. त्या भरभराटीच्या पायात पहाऱ्यावर जागलेल्या भिल्ल शिपायाच्या रात्री आहेत. आणि हेही सांगितले पाहिजे की, ज्या भिल्लास तगाईने जमीन मिळाली, त्याची ती जमीन पुढे पुष्कळदा सावकाराच्या वहीत गेली. त्या वह्या कोणाच्या होत्या, हे आपणा सर्वांस माहीत आहे.

आउट्रम १८३५ मध्ये महीकांठ्यास गेला. पुढे १८५७ मध्ये लखनौच्या वेढ्यात त्याचे नाव गाजले, १८६३ मध्ये तो वारला, आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत, राजेरजवाड्यांच्या शेजारी, त्यास पुरण्यात आले.

त्याच १८५७ मध्ये खानदेशाच्या सीमेवर आणखी एका भिल्लाने सुरक्षित जागा सोडली. परंतु उलट दिशेने. आग्रा रस्ता सेंधव्याच्या घाटातून जातो. त्या घाटाच्या राखणीची सरकारी नोकरी खाज्या नाईकाकडे होती. मध्ये एका गुन्ह्याबद्दल त्याने शिक्षा भोगली होती. तरी दिवस धामधुमीचे म्हणून सरकारने त्यास पुन्हा कामावर घेतले. पगार होता, मान होता, पोटाची ददात नव्हती. तो सर्व टाकून खाज्या नाईक डोंगरात परतला आणि भीमा नाईकाबरोबर बंडाचा झेंडा उभारला. इंदूरकडून येणारा सात लाखांचा खजिना त्यांनी लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी येथे लढाई झाली. पन्नासाहून अधिक कैद्यांस तेथेच गोळ्या घालण्यात आल्या, शेकडो स्त्रिया पकडल्या गेल्या. भीमा नाईकास पुढे अंदमानास धाडण्यात आले. खाज्या नाईक १८६० मध्ये मारला गेला. समोरासमोर नव्हे, विश्वासघाताने. कोपरगाव आणि अंतूर येथे जे झाले होते तेच नव्या राज्यात पुन्हा झाले.

भिल्ल पलटण त्या बंडात सरकारच्याच बाजूस राहिली. तेहेतीस वर्षांपूर्वी डोंगरातून उतरलेल्यांची मुले एका बाजूस, आणि डोंगरात परतलेला खाज्या दुसऱ्या बाजूस. यांत शूर कोण आणि भित्रा कोण असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही उत्तर देणार नाही. भाकरीचा पगार सोडणे आणि पगारासाठी डोंगर सोडणे, दोहोंनाही एकाच जातीची छाती लागते.

पलटण पुढे पोलीस खात्यात सामावली गेली. इंग्रजी ग्रंथांत आउट्रमची जन्मतारीख मिळते, त्याने मारलेल्या वाघांची गणती मिळते, त्याच्या पत्रांच्या नकला मिळतात. त्या पाच जणांविषयी एका वाक्यापलीकडे काही मिळत नाही. धरणगाव, एरंडोल, यावल, चोपडे या भागांतील ज्या भिल्ल व तडवी कुटुंबांत पलटणीतील पणजोबाची आठवण, एखादा बिल्ला, एखादा जुना कागद अजून असेल, त्यांच्याकडे आपल्या तरुण मंडळींनी आदरपूर्वक जावे, ऐकावे व जे ऐकतील ते वहीत उतरवून घ्यावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यास जागा देण्याची विनंती आम्ही संपादक मंडळास केली आहे, आणि त्यांनी ती मान्य केली आहे.